एक नोकरी, एक बायको आणि ४०८ सामने

अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला आमच्याकडे शिक्षकाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळतं. (ज्याला आता कुठेही वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ का देतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.) मलाही मिळालं. दुसऱ्या दिवसापासून शाळेची घंटा आपल्यासाठी वाजत नाही, हे पचायला मला दोन वर्षं लागली. त्यामुळे बाविसाव्या वर्षी एका शिक्षणसंस्थेत लागलेला आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत तिथून न हललेला माणूस वाचनात आला, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढून वाचायला बसले.

त्याचं नाव एडी रॉबिन्सन. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात ग्रॅम्बलिंग नावाचं छोटंसं गाव आहे. तिथल्या कॉलेजात तो फुटबॉल शिकवायचा.

आता तुम्ही विचाराल, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईला अमेरिकन फुटबॉल कुठून भेटला? तर लेकीमुळे. ती डॅलसला असते. २०१८ साली आम्ही दोघं तिच्याकडे होतो, तेव्हा तिकडे टेक्सास राज्याची मोठी जत्रा भरली होती. जत्रेच्या मैदानातच कॉटन बोल नावाचं जुनं स्टेडियम आहे. तिथे दर वर्षी ग्रॅम्बलिंग आणि प्रेअरी व्ह्यू या दोन विद्यापीठांचा सामना होतो. दोन्ही मूळची कृष्णवर्णीयांसाठी काढलेली. नात शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. तिला सामन्याशी फारसं देणंघेणं नव्हतं, तिला ग्रॅम्बलिंगचा बँड ऐकायचा होता. हा बँड १९६७ च्या पहिल्यावहिल्या सुपर बोलच्या मध्यंतरात वाजलेला. आणि खरंच, मध्यंतर झालं तरी आमच्या आजूबाजूचं एक माणूस खायला-प्यायला उठलं नाही. ढोल असे की छातीत धडधड व्हावी. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी टोपी घातली होती, तिच्यावर नुसतं "कोच रॉब" असं लिहिलेलं. जावयाला विचारलं, हे कोण? त्याला ठाऊक नव्हतं. मग घरी येऊन वाचायला लागले, आणि वाचतच राहिले.

खेळाबद्दल चार वाक्यं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. नाव फुटबॉल असलं तरी बहुतेक काम हातांचं. प्रत्येक बाजूला अकरा जण. चार प्रयत्नांत चेंडू निदान दहा यार्ड पुढे न्यायचा, नेला की पुन्हा चार प्रयत्न. चेंडू कोणाकडे द्यायचा, कुठे फेकायचा हे मैदानावर ठरवणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. तो संघाचा मेंदू. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि कोच म्हणजे आपल्या शाळेतले शिट्टी वाजवणारे पीटीचे सर नव्हेत. तिकडे कॉलेजच्या फुटबॉल कोचला राजासारखा मान असतो. कित्येक राज्यांत सरकारी पगार घेणाऱ्यांमध्ये सगळ्यांत जास्त पगार राज्यपालाला नसतो, विद्यापीठाच्या फुटबॉल कोचला असतो!

एडी रॉबिन्सनच्या वाट्याला मात्र हा थाट आला नव्हता. त्याचा जन्म १९१९ चा, वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणारे, आई लोकांच्या घरी काम करणारी. हा घरातला पदवी मिळवणारा मुलगा. पदवी घेऊनही बॅटन रूजमध्ये गुरांच्या खाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर राबत होता. १९४१ साली ग्रॅम्बलिंगच्या संस्थेत कोचची जागा आहे असं कळलं. तेव्हा त्या संस्थेचं नावच मुळी "लुइझियाना निग्रो नॉर्मल अँड इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट" असं होतं. पगार महिना ६३ डॉलर ७५ सेंट. त्याच वर्षी डोरिसशी त्याचं लग्न झालं.

हाताखाली पगारी माणूस एकही नाही. मैदानावरचं गवत हाच कापणार, चुन्याच्या रेघा हाच मारणार, मुलांचे पाय मुरगळले की पट्ट्या हाच बांधणार, आणि सामना झाला की वर्तमानपत्रासाठी बातमीही हाच लिहून पाठवणार. खेड्यातल्या शाळेत नोकरी केलेल्या कुठल्याही शिक्षकाला हे वाचून हसू येईल. आम्हीही जनगणना केली, पोलिओचे डोस पाजले, स्नेहसंमेलनाचे पडदे शिवले.

पहिल्या वर्षी तीन सामने जिंकले, पाच हरले. दुसऱ्या वर्षी, १९४२ ला, नऊच्या नऊ जिंकले आणि अख्ख्या हंगामात समोरच्या कोणालाही एकही गुण करू दिला नाही! मग दुसऱ्या महायुद्धामुळे दोन वर्षं कॉलेजचा संघच नव्हता. त्या काळात त्याने गावातल्या हायस्कूलची मुलं शिकवली. तिथला एक किस्सा सांगतात. दोन चांगल्या खेळाडूंना त्यांच्या वडिलांनी कापूस वेचायला घरी ठेवून घेतलं. हंगाम सुरू, हात कमी, बापाचंही काही चुकत नव्हतं. रॉबिन्सनने भाषण दिलं नाही. सगळा संघ घेऊन तो शेतावर गेला, कापूस वेचून दिला आणि दोन्ही मुलांना परत घेऊन आला. सुगीच्या दिवसांत ओस पडणारे वर्ग मी पाहिले आहेत. म्हणून हा किस्सा मला त्याच्या सगळ्या विजयांपेक्षा मोठा वाटतो.

हे सगळं चाललं होतं ते वर्णभेदाच्या काळात. दक्षिणेतल्या राज्यांत गोऱ्यांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी, पाणी पिण्याचा नळसुद्धा वेगळा. संघ परगावी निघाला की वाटेतल्या हॉटेलात कोणी वाढणार नाही हे गृहीतच, म्हणून सँडविचेस बांधून घ्यायची. आपल्याच राज्यातल्या गोऱ्यांच्या मोठ्या विद्यापीठांशी सामना खेळायची सोय नाही. एम.ए.ची पदवीसुद्धा त्याने दूर उत्तरेकडच्या आयोवा विद्यापीठातून मिळवली, १९५४ साली.

आणि तरीही तो मुलांना सकाळी सहाला उठवायचा. गाईच्या गळ्यात बांधतात तसली घंटा वाजवत वसतिगृहातून फिरायचा. मैदानावर नेण्यासाठी नव्हे, वर्गात पाठवण्यासाठी! रविवारी चर्चमध्ये जायचं, टाय बांधायचा, काट्याचमच्याने कसं खायचं ते शिकायचं, चार लोकांत उभं राहून बोलायचं. हा पोरगा उद्या आपला जावई होणार आहे असं समजून प्रत्येकाला शिकवावं, असं तो म्हणायचा. (आमच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य कोणी म्हटलं असतं तर काही मुलांची नावं आठवून आम्ही गारच पडलो असतो.)

१९४९ मध्ये पॉल "टँक" यंगर हा त्याचा विद्यार्थी लॉस एंजेलिस रॅम्स या व्यावसायिक संघात गेला. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून राष्ट्रीय व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेलेला हा पहिलाच. निघताना गुरूने त्याला बजावलं, तू टिकला नाहीस तर ते म्हणतील, तुमच्यातला सर्वांत चांगला घेऊन पाहिला, जमलं नाही. मग पुढच्या मुलाला किती वर्षं थांबावं लागेल कोण जाणे. बापरे! वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर केवढं हे ओझं. पण आपल्या घरातून, आपल्या वस्तीतून पहिल्यांदा शिकायला बाहेर पडलेल्या कोणालाही विचारा, ते ओझं काय असतं ते. यंगर टिकला. त्याच्यामागून रॉबिन्सनचे दोनशेहून जास्त विद्यार्थी व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. १९६३ साली बक ब्युकॅननला त्या वेळच्या अमेरिकन फुटबॉल लीगने सगळ्या देशातून पहिल्या क्रमांकाने निवडलं.

पण एक दार बंदच होतं, ते क्वार्टरबॅकचं. काळी मुलं पळतात जोरात, ताकद भरपूर, पण डोकं चालवायचं काम त्यांना झेपणार नाही, असा सरळ समज होता. कॉलेजात क्वार्टरबॅक असलेल्या काळ्या मुलाला व्यावसायिक संघ दुसऱ्याच जागेवर खेळवायचे. रॉबिन्सनने जेम्स हॅरिस या मुलाला चार वर्षं त्या एकाच जागेसाठी तयार केलं. १९६९ मध्ये बफेलोच्या संघाने त्याला हंगामाच्या पहिल्या सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून उतरवलं. असं यापूर्वी कुठल्याही कृष्णवर्णीय खेळाडूच्या बाबतीत घडलेलं नव्हतं. त्याच्यामागून आला डग विल्यम्स. ३१ जानेवारी १९८८ च्या सुपर बोलमध्ये वॉशिंग्टनचा संघ आधी १०–० असा मागे पडला होता. मग दुसऱ्या पंधरा मिनिटांत विल्यम्सने चार टचडाउन फेकून दिले, वॉशिंग्टनने ४२–१० असा सामना मारला आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. काळ्या क्वार्टरबॅकने सुपर बोल जिंकण्याची ती पहिली वेळ.

"यांना डोक्याचं काम जमणार नाही." मंडळी, हे वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत वेगवेगळ्या मुलांबद्दल स्टाफरूममध्ये ऐकलेलं आहे. त्यावर वाद घालून फारसा उपयोग होत नाही. त्यातल्याच एका मुलीला गणितात पहिली आणावी लागते, मग बोलणारे गप्प होतात. रॉबिन्सनने तेच केलं, फक्त त्याला १९४१ ते १९८८ एवढा वेळ लागला.

साठच्या दशकात चळवळीतल्या तरुणांना तो फार मवाळ वाटायचा. सगळीकडे मोर्चे निघत असताना हा माणूस मुलांना सांगायचा की आपण आधी अमेरिकन आहोत. तरुणांचा राग मला समजतो. मोर्चे निघाले नसते तर कायदे बदलले नसते. पण कायद्याने उघडलेल्या दारातून आत जायला तयार मुलं लागतात, ती कोणीतरी आधीपासून पहाटे सहाला उठवून तयार करावी लागतात. दोन्ही कामं एकाच माणसाने करावीत हा हट्ट कशाला?

यापुढचा भाग मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावतो.

दारं उघडली, आणि त्याचाच वर्ग रिकामा व्हायला लागला. अलाबामा विद्यापीठाचा थोर कोच बेअर ब्रायंट, ज्याचा संघ वर्षानुवर्षं फक्त गोऱ्या मुलांचा होता, त्याच्या मुख्य संघात १९७१ पासून काळी मुलं खेळू लागली. लुइझियानाच्या सरकारी विद्यापीठानेही दार उघडलं. तिथे मोठं स्टेडियम, टीव्ही, पैसा. पूर्वी ज्या गुणी मुलांना ग्रॅम्बलिंगशिवाय जागा नव्हती, त्यांना आता देशभरातून बोलावणी येऊ लागली. रॉबिन्सनने आयुष्यभर जे मागितलं तेच झालं होतं. त्याबद्दल तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार? मराठी शाळेतल्या आम्हा शिक्षकांना ही अडचण थोडीफार कळेल. आम्ही ज्यांना शिकवून मोठं केलं त्यांनीच आपली मुलं दुसरीकडे घातली, आणि आई-बाप म्हणून त्यांचं काही चुकलं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

पण तो तिथेच राहिला. उरलेल्या मुलांना घेऊन जिंकत राहिला. ५ ऑक्टोबर १९८५ ला त्याने ३२४ वा सामना जिंकून ब्रायंटचा विक्रम मोडला. कुठे, तर त्याच कॉटन बोलमध्ये, प्रेअरी व्ह्यूविरुद्धच. १९९५ मध्ये चारशेवा विजय. कॉलेज फुटबॉलमध्ये तिथवर त्याआधी कोणीच पोचलेलं नव्हतं.

आणि मग उतार. १९९५ साली जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त झाले. १९९६ ला तीन जिंकले, आठ हरले. वय सत्त्याहत्तर. आता थांबा, असा दबाव आला. लोक चिडले, राज्यभर गाजावाजा झाला, शेवटी त्याला आणखी एक वर्ष मिळालं. १९९७ ला पुन्हा तीन जिंकले, आठ हरले. मग तो थांबला. एकूण ५५ हंगाम, ४०८ विजय, १६५ पराभव, १५ बरोबरी.

त्याने आधीच थांबायला हवं होतं का? इतरांना विचाराल तर बहुतेक जण हो म्हणतील. मी अठ्ठावन्नला नियमाने सुटले. नियम नसता तर मीही आपणहून उठले असते असं मला वाटत नाही. खडू हातातून खाली ठेवायची योग्य वेळ ठेवणाऱ्यालाच कळते हे खरं नाही, म्हणून तर नियम असतात. पण शेवटच्या वर्षी हरणाऱ्या संघाच्या मुलांनासुद्धा, तुम्ही कोणाच्या हाताखाली शिकलात, असं विचारलं तर ती मान वर करूनच सांगत असतील.

त्याच्या जागी कोण आलं ठाऊक आहे? डग विल्यम्स. विद्यार्थी गुरूच्या खुर्चीत बसला, आणि २००० ते २००२ ही तिन्ही वर्षं ग्रॅम्बलिंगला त्यांच्या गटाचं विजेतेपद मिळवून दिलं.

विक्रमाचं म्हणाल तर तो काही टिकला नाही. २००३ मध्ये मिनेसोटातल्या एका छोट्या कॉलेजचा कोच जॉन गॅलियार्डी पुढे गेला. मोठ्या विद्यापीठांच्या श्रेणीत पेन स्टेटच्या जो पॅटर्नोने २९ ऑक्टोबर २०११ ला ४०९ वा सामना जिंकला. त्यानंतर अकराच दिवसांनी त्याची नोकरी गेली. त्याच्या एका जुन्या सहायकाने लहान मुलांवर केलेल्या अत्याचारांचं प्रकरण बाहेर आलं होतं, आणि कळल्यावर पॅटर्नोने जेवढं करायला हवं होतं तेवढं केलं नाही असं विद्यापीठाचं म्हणणं होतं. २०१२ मध्ये त्याचे १११ विजय कागदावरून खोडले, २०१५ मध्ये परत लिहिले. आकडे असे खोडता येतात आणि लिहिता येतात. रॉबिन्सन स्वतः म्हणायचा, माझा खरा विक्रम काय तर एक नोकरी आणि एक बायको. हा काही कोणाला खोडता आला नाही.

निवृत्तीनंतर त्याला अल्झायमर झाला. ३ एप्रिल २००७ ला तो गेला. बॅटन रूजच्या ज्या कॅपिटॉलमध्ये एके काळी वर्णभेदाचे कायदे झाले, तिथेच त्याचा देह अंत्यदर्शनासाठी ठेवला होता. पण शेवटची काही वर्षं, हजारो मुलांची नावं ज्याच्या डोक्यात होती, त्याच्या डोक्यातून ती एकेक करून निघून जात होती.

इथे मला घरच्या मंडळींशी थोडं बोलायचंय. (बाकीच्यांनी ऐकलं तरी चालेल.) यंदा भाऊजींचं सहस्रचंद्रदर्शन. चाळीस वर्षं गणित शिकवलेला हा माणूस आता सात आणि आठ यांची बेरीज करताना माझ्या तोंडाकडे बघतो. गेले दोन महिने आपल्या घरात एकच वाद चाललाय, जुन्या विद्यार्थ्यांना बोलवायचं की नाही. नको म्हणणाऱ्यांचं म्हणणं मला कळतं. "बाबांना कोणी ओळखू येणार नाही, मुलं बिचारी ओशाळी होऊन परत जातील." पुतणी हे बोलताना रडली, तेव्हा मी गप्प बसले. समोरासमोर बोलायला जमलं नाही म्हणून इथे लिहितेय.

बोलवा. त्यांना आठवावं म्हणून कोणी येणार नाहीये. यायचं ते आपल्याला आठवतं म्हणून. गेल्या दिवाळीत पन्नाशीचा एक गृहस्थ पाया पडायला आला होता, एस.टी.त कंडक्टर आहे. भाऊजींनी त्याला ओळखलं नाही. तो म्हणाला, "सर, तुम्ही मला पावकी-निमकी शिकवलीत, अजून मशीन बंद पडलं तर हिशेब तोंडी करतो." आणि पावकी म्हणायला लागला. तीन ओळी झाल्यावर भाऊजी त्याच्या बरोबर म्हणायला लागले. मी पाहिलंय हे, स्वयंपाकघराच्या दारातून. पुढे दोन-तीन ओळींतच थांबले, पण त्या आल्या.

आणि समजा तेवढंही झालं नाही, तरी बोलवा. जे शिकवलं ते आता त्यांच्याकडे नाही, त्या मुलांकडे आहे. ती आली की घरात येईल तरी.

माझ्याकडे जुन्या हजेरीपुस्तकांवरून काढलेली एकशे बारा नावांची यादी तयार आहे. सदतीस फोन नंबर मिळालेत. बाकीचे शोधायला कोणाची तरी मदत लागेल, माझ्याच्याने ते व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप होत नाहीत. पुण्याच्या मंडळींनी रविवारी दुपारनंतर फोन करावा, सकाळी माझी बाग असते.